काजळीचा तीन पायांचा नाच

मित्रांनो, मले जुनी म्हणसान तं चालन. म्हातारी म्हणसान तं तुमची टोपी खाऊन घेईन. खोटं वाटते तं बालाघाटात बँडवाल्या प्रेमलालले विचारा. त्याच्या लाल टोपीवर पहिले एक तुरा होता.

मी वरातीची घोडी आहो. पाठीवर जरीची झूल, गळ्यात अन् पायात घुंगरं, कपाळावर आरशाची पट्टी, अन् वर घामानं भिजलेला एक नवरदेव, असं माहं आयुष्य. नाव माहं काजळी. तुम्ही मले पाहसान तं म्हणसान, हे कसं काय? घोडी तं दुधासारखी पांढरी, अन् नाव काजळी. त्याची गंमत आहे, अन् माही सारी गोष्ट त्याच गमतीतून निघते. म्हणून पहिले तेच सांगते.

मी जन्मली तवा काळी होती. तव्याच्या बुडासारखी काळी. भोजराजनं, म्हणजे माह्या मालकानं, लांजीकडच्या बाजारातून मले आणलं तवा मी त्याच्या कमरेएवढी असन. त्याची बायको अनुसया अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मले पाहून सूप खाली ठेवलं अन् म्हणे, "हे घोडी आणली का काजळाची डबी?" तवापासून काजळी.

पण आमच्यात काहीजणी अशा राहतात का जन्मतात काळ्या, अन् वर्षावर्षानं उजळत जातात. पहिले तोंड राखाडी होते. मंग अंगावर गोल गोल ठिपके येतात, झाडाखाली ऊन सांडल्यासारखे. मंग ते बी विरतात. हे सारं इतकं हळू होते का आपल्याले स्वतःले कळत नाही. एक दिवस भोजराजनं मले मोती तलावावर पाणी पाजाले नेलं. मी वाकून पाहिलं तं पाण्यात कोणी दुसरीच घोडी उभी. पांढरीशिप्पट. मी बिचकून मागं सरली, ती बी सरली. मी कान हलवला, तिनं बी हलवला. तवा समजलं का ते मीच आहो. आज बी ते आठवलं तं माही कातडी थरथरते. मी आपली चारा खात उभी होती, अन् आतून कोणीतरी माहा एकेक केस बदलून राह्यलं होतं. ना विचारलं, ना सांगितलं. कोण असन ते? मले आजवर नाही समजलं.

आता पाहा. माणसाचे केस पांढरे झाले का लोक त्याले बसाले खुर्ची देतात. मी पांढरी झाली तं लोकांनी माह्यावर नवरदेव बसवले. काहून का नवरदेवाले पांढरीच घोडी पाह्यजे. जितकी पांढरी तितकी झकास. मी जशी जशी जुनी होत गेली, तसे तसे लोक म्हणत गेले, "भोजराज, काजळीवर काय रूप चढून राह्यलं बे." म्हणजे माह्या उतरणीले सारं शहर चढण समजून राह्यलं होतं. मी काहून सांगू का बाबा हे उतरण आहे? मले बी ठाऊक नव्हतं.

नाचणं मले भोजराजनं शिकवलं. तेलाचा रिकामा डब्बा काठीनं वाजवे अन् दुसऱ्या हातात गूळ धरे. मी पाय उचलला का गूळ. मले वाटे मीच त्याले डब्बा वाजवाले शिकवलं. पण खरा ढोल पहिल्यांदा ऐकला तो काली पुतली चौकात. प्रेमलालनं टिपरू मारलं अन् तो आवाज कानात नाही आला, खालून आला. रस्त्यातून खुरात, खुरातून गुडघ्यात, तिथून छातीत. मले वाटलं जमीन मले नाव घेऊन बोलावून राह्यली. मी नाचली. कोणी गूळ नाही दिला तरी नाचली.

अन् खोड्या? खोड्या तं मी कोणापासून शिकली नाही, ते घरचंच सामान आहे. खोगीर कसताना मी पोटात हवा भरून घेते. पट्टा घट्ट बसला असं वाटते. मंग भर वरातीत हळूच हवा सोडली का पट्टा ढिला. कोर्टातला एक बाबू, रजत त्याचं नाव, असाच वरातीत एका बाजूनं कलत कलत गेला. बाशिंग तिकडं, तलवार इकडं, अन् तोंडानं म्हणते, "काही नाही, काही नाही, मी ठीक आहो." त्याची नवरी खिडकीतून पाहून राह्यली होती. तिच्या हसण्याचा आवाज बाजाच्या वर आला. दोघं आता बाजारात दिसले का मले हात करतात. नवरदेवाच्या फुफाजीच्या फेट्यावर शिंकणं, व्हिडिओवाल्याच्या मागं जाऊन त्याच्या कानात फुरफुरणं, हे तं रोजचं. लोक म्हणत, "भोजराजची घोडी लय चालू आहे." मी ऐकून मान डोलवत जाई.

हे चालू नाव पुढं मले महाग पडलं. कसं, ते ऐका.

आमच्याकडे नवरदेव घोडीवर बसायच्या पहिले त्याची बहीण घोडीले भिजवलेली चण्याची दाळ चारते. मले ते लय आवडे. पण काही दिवसांपासून दाळ तोंडातून अर्धी खाली पडे. दाताले दात नीट लागेच ना. बहिणी म्हणत, "नखरे करते पाहा, आणखी लाड पाह्यजे हिले." नाच झाल्यावर मी लय वेळ फुसफुस करत राहो. लोक म्हणत, "काय जोश आहे घोडीत." डोळ्याच्या वर दोन खळगे पडले होते, बोट बसन असे. ते आरशाच्या पट्टीखाली झाकले जात. अन् सकाळी गोठ्यातून निघताना माहे पाय गंजलेल्या फाटकासारखे वाजत. पण चौकात पोचेपर्यंत अंग गरम होऊन जाई, चाल मोकळी होऊन जाई. मंग कोणाले काय दिसन? मले तं वाटे, झोप नीट झाली नसन.

मंग त्या उन्हाळ्यात हनुमान चौकात ते झालं. डांबर तापलेलं होतं. नवरदेव अंगानं भरलेला होता. माह्या डाव्या पुढच्या पायाच्या सांध्यात एकदम कोणी सुई खुपसल्यासारखं झालं. मी पाय वर उचलला अन् तसाच धरून ठेवला. खाली टेकवेना. बाकीच्या तीन पायांवर तोल सांभाळत मी मागं पुढं डुलाले लागली. अन् योग असा का प्रेमलालचा ठेका नेमका त्याच डुलण्यावर येऊन बसला.

गर्दीतून कोणीतरी बोंबललं, "अरे देखो, घोडी तीन टांग पे नाच रही है."

मित्रांनो, मंग काय शिट्ट्या झाल्या अन् काय टाळ्या झाल्या. शंभर हात वर, हर हातात मोबाइल. संध्याकाळपर्यंत माहा व्हिडिओ किरनापुरापासून मलाजखंडापर्यंत फिरून आला. प्रेमलालनं त्या नाचासाठी वेगळा ठेका बसवला. भोजराज पानठेल्यावर छाती फुगवून सांगे, "म्या नाही शिकवला हा. हे तिचं तिनंच काढलं." अन् मी? दुखे तं लय, पण टाळ्या बी लय होत्या. हर वरातीत तो ठेका वाजला का पाय दुखे, पाय दुखला का मी उचले, मी उचलला का लोक नाचत. माह्या दुखण्यावर अख्खं शहर नाचून राह्यलं होतं अन् कोणाचीच काही चूक नव्हती. घोडी चालू आहे, नवा नखरा काढला असन, इतकंच सारे समजले.

अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी किरनापुराहून एक माणूस आला. माणिकमामा. त्याचा भाचा गजेंद्र मलाजखंडच्या खदानीत डंपर चालवे, त्याचं लग्न अक्तीले होतं. मामा माह्या समोर उभा राहून कधी मोबाइलकडे पाहे, कधी माह्याकडे.

"व्हिडिओवाली हेच ना?" त्यानं विचारलं.

"हेच जी," भोजराज म्हणे.

"मंग पाहा भाऊ, आमच्याकडे साधा नाच नाही चालत. आम्ही खाट टाकतो. घोडी खाटेवर चढन, नवरदेव वर, अन् मंग तीन पायांवर. साऱ्या किरनापुरात कधी झालं नसन, असं झालं पाह्यजे."

"गजेंद्रभाऊ कसे आहेत? म्हणजे, अंगानं?"

"खात्यापित्या घरचा आहे," मामा म्हणे. "डंपरची सीट त्यानं दोनदा बदलवली."

भोजराज हसला अन् हौ म्हटलं. मी दोघांकडे पाहत उभी होती. खाट म्हणजे काय ते मले ठाऊक होतं. जवानीत मी खाटेवर नाचली आहो. विणलेली पट्टी खुराखाली लवते, चारही पाय जागेवर असले तरी काळीज वर येते. तीन पायांवर, वर तो खात्यापित्या घरचा, मी पडली असती. मी पडली असती तं तो बी पडला असता. अन् घोडी एकदा पाय मोडून बसली का मंग तिची गोष्ट सांगाले कोणी उरत नाही. मी जोरात फुरफुरली. मामा म्हणे, "पाहा, आतापासून जोशात आहे."

दोनचार दिवसांनी, सकाळची वेळ होती. अनुसया चुलीवर चहा ठेवून बसली होती. तिचा रोजचा नेम, इकडे चहा उकळते अन् तिकडे गोठ्यातला आवाज तिच्या कानात पडत राहते. मी जाग्यावर चाळवत होती. तिचा चहा उतू गेला तरी ती उठली नाही. मंग उठली अन् दाराशी आली.

"ऐकलं का जी," तिनं हाक मारली. "इकडे या बरं."

भोजराज दात घासत आला. "काय झालं?"

"काजळी नाचून राह्यली."

"नाचू दे ना. सराव करत असन."

"हौ, पण बाजा कुठं आहे?"

"काय?"

"बाजा नाही, माणूस नाही, मोबाइल नाही," अनुसया म्हणे. "मंग ते कोणासाठी नाचून राह्यली?"

भोजराजच्या तोंडात फेस तसाच. तो माह्याकडे पाहत राह्यला. मी डावा पाय उचलून उभी होती. टेकवला. पुन्हा उचलला. दूरवर राइस मिलचा भोंगा वाजला अन् थांबला. मंग काहीच आवाज नव्हता.

पोट्टेहो, मी लय काही पाहिलं आहे. वैनगंगेले पूर येऊन पूल झाकताना पाहिला आहे. पण त्या सकाळसारखं दुसरं काही मले ठाऊक नाही. शंभर मोबाइलांनी मले पाहिलं होतं अन् कोणाले दिसलं नव्हतं. या बाईनं तं अजून पाहिलं बी नव्हतं. चहा करता करता फक्त ऐकलं होतं. चार टापांतली एक टाप येऊन नाही राह्यली, हे तिले समजलं. माणसाच्या त्या इतक्याशा कानात काय काय मावते, कोणी सांगू शकन का?

भोजराज खाली बसला अन् त्यानं माह्या सांध्यावर हात ठेवला. मंग दुसऱ्या पायावर ठेवला. पुन्हा पहिल्यावर.

"तापला आहे," तो म्हणे. अन् लय वेळ त्याचा हात तिथंच होता.

पण मित्रांनो, माणूस आहे तो. थोड्या वेळानं म्हणे, "अक्तीचं हौ म्हणून बसलो ना. हे एक लगन होऊन जाऊ दे. मंग आराम देऊ."

अनुसया म्हणे, "तुमचे गुडघे धरतात तवा तुम्ही संडासात बसाले दहा वेळा माह्या नावानं हाका मारता. तुम्हाले खाटेवर नाचवू का? त्या माणिकमामाले वर बसवते."

 चूळ भरून भोजराज डॉक्टरले फोन लावाले गेला.

जनावरांची डॉक्टर म्हणजे प्राची मॅडम, तरणी पोरगी, बोलते मराठी पण मधीच हिंदीत घुसते. मी तिच्या पिशवीत तोंड घालून पाहिलं, खायचं काही नव्हतं.

"उमर किती आहे हिची?" तिनं विचारलं.

"बारा," भोजराज म्हणे.

मॅडमनं माहा ओठ वर करून दात पाहिले. लांब झालेले, पुढं कललेले. मंग डोळ्यावरच्या खळग्यात बोट ठेवलं. मंग भोजराजकडे पाहून म्हणे, "काका, पिछले साल बी बाराच होती का?"

अनुसयानं पदर तोंडाले लावला. भोजराज म्हणे, "गिऱ्हाइकाले बारा सांगता सांगता मले बी तेच खरं वाटाले लागलं, मॅडम."

"वीसच्या वर आहे. पाहा, घोडा मागचा पाय ढिला सोडून उभा राहते, ते काही नाही, ते आराम आहे. पर पुढचा पाय उचलून धरला का समजून जा का दुखून राह्यलं."

"म्हणजे आता बंदच का?" भोजराजचा आवाज लहान झाला. "घरीच बांधून ठेवू?"

"बांधाल तं आखडून जाईन ते. बिल्कुल बंद नका करू, कमी करा. पहिले हळू चालवा, अंग मोकळं होऊ द्या. डांबर नको, माती पाह्यजे. वजन थोडं, थोड्याच वेळासाठी. नाचणं बंद. दाताची धार मी घासून देते, पर दाळ एकदम नरम द्या. रोज सकाळी नदीत गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी करा."

"अन् हे असं कधी सुरू कराले पाह्यजे होतं, मॅडम? कोणत्या वर्षी?"

मॅडम माह्या मानेवर हात फिरवत होती. "त्याचं काही वर्ष नाही राहत, काका. जिचं दुखते तिचा पायच सांगते. आपण ऐकायचं."

मंग मी वैनगंगेत उभी राहाले लागली. सकाळचं पाणी थंडगार राहते. पाय पाण्यात गेला का दुखणं वाळूसंगं वाहून गेल्यासारखं वाटे. अनुसया काठावर बसून राहे.  माह्यासारखी बडबडी घोडी बी गप्प राहे, इतकी मोठी नदी समोर वाहत राहे. अक्तीपर्यंत सूज उतरली. भोजराजनं माणिकमामाले फोन करून साफ सांगितलं, घोडी येईन पण नाचणार नाही, अन् नवरदेव फक्त शेवटच्या वळणापासून मांडवापर्यंत बसन. मामा म्हणे, "बरं बरं, पाहू." मित्रांनो, माणूस असा दोनदा बरं म्हणते तवा त्यानं ऐकलं नसते.

किरनापुरात ऊन उतरायच्या वेळेले वरात निघाली. गजेंद्र खरंच खात्यापित्या घरचा होता, पण चेहऱ्यानं लाजाळू. पाठीवर बसायच्या पहिले त्यानं मले विचारल्यासारखं पाहिलं. शेवटच्या वळणावर बसायचं ठरलं होतं, पण मामानं त्याले शाळेजवळूनच वर चढवलं. "नवरदेव पायी अन् घोडी रिकामी, लोक काय म्हणतीन?" भोजराजनं हात जोडले, पण जोडलेले हात बाजात कोणाले दिसतात? मी पोटात हवा नव्हती भरली त्या दिवशी. सुधं, सरळ चालली. वळणापर्यंत पोचली तवा सांध्यात ती सुई पुन्हा जागी झाली होती.

अन् वळणावर खाट टाकलेली होती.

मामानं प्रेमलालले इशारा केला. भोजराजनं त्याले पहिलेच सांगून ठेवलं होतं, म्हणून प्रेमलालनं मान हलवून नाही म्हटलं अन् साधीच चाल वाजवत राह्यला. पण त्याच्या मागच्या ताशेवाल्यानं सवयीनं तो ठेका धरला. अन् ठेका ऐकला का माहं काय होते, ते तुम्हाले सांगितलंच आहे. त्यात पाय आधीच पेटला होता. तो वर गेला.

"आली आली, तीन टांगवाली," पोट्टे ओरडाले लागले. मोबाइल वर आले. मामा लगाम धरून मले खाटेकडे ओढाले लागला. भोजराज ओरडत होता, "नाच नाही तो, दुखून राह्यलं तिले." त्याचं तोंड हलताना दिसे, आवाज ढोलात बुडून जाई. मी खाटेची पट्टी पाहिली. एक खूर तिच्यावर टेकला. लवली.

तवा भोजराज धावत प्रेमलालजवळ गेला अन् त्यानं आपले दोन्ही पंजे ढोलाच्या कातड्यावर ठेवून दिले. प्रेमलालचं टिपरू हवेतच राह्यलं. त्यानं भोजराजच्या डोळ्यात पाहिलं अन् हात वर केला. ताशा थांबला. बाजा थांबला. नाचणारे एकमेकांवर आपटून थांबले.

वरातीतली शांतता तुम्ही कधी ऐकली का? मी नव्हती ऐकली, इतक्या वराती करून बी. इतकी माणसं अन् श्वासाचा बी आवाज नाही. फक्त एक बारीक आवाज येत होता. माह्या डाव्या पायाले बांधलेली घुंगरं थरथरून वाजत होती. बाजा बंद झाला होता अन् पाय अजून वरच होता.

मोबाइल एकेक करून खाली आले. त्या क्षणी त्या साऱ्या माणसांच्या डोळ्यात मी काहीतरी पाहिलं. टाळ्या वाजवताना जे त्यांच्या डोळ्यात कधी नव्हतं ते. त्याले काय म्हणतात मले ठाऊक नाही. मोती तलावात स्वतःले पांढरी पाहिलं होतं तवा माह्या डोळ्यात बी तेच असन.

गजेंद्र खाली उतरला. कोणाचा हात नाही घेतला, आपला आपण उतरला, हळूच, जशी मी कच्च्या मातीची होती. त्यानं वाकून पाय पाहिला. मंग मामाकडे वळला.

"मामाजी, खदानीत डंपर जुना झाला का आम्ही त्याले चढावर नाही लावत. सपाटीवर लावतो. मंग तो अजून लय वर्ष चालते. चढावर लावला तं ब्रेक जाते, अन् मंग माणूस बी जाते."

"पण गजू, नवरदेव पायी कसा जाईन?"

"मी बी जरा चाललो पाह्यजे," गजेंद्र म्हणे अन् त्यानं पोटावरून हात फिरवला. "माह्या वजनात हिचं काय चुकलं?"

कोणीतरी हसलं, मंग सारेच हसले. मामानं स्वतः खाट उचलून बाजूले ठेवली. प्रेमलालनं बाजा वाजवला, पण हळू, चालायच्या चालीवर. गजेंद्र माहा लगाम धरून पुढं अन् मी त्याच्या मागं, मातीच्या रस्त्यानं, थांबत थांबत मांडवाशी पोचली. दारात नवरीच्या मैत्रिणी उभ्या. एक म्हणे, "अगं रूपाली, पाहा, घोडीनं नवरदेव आणला का नवरदेवानं घोडी आणली?" रूपाली, म्हणजे नवरी, हसली नाही. ती माह्या पायाकडे पाहून राह्यली होती. मंग आत गेली अन् स्वतः ओंजळीत दाळ घेऊन आली. शिजवलेली, नरम. एक दाणा खाली नाही पडला.

आता मी सपाटीवर आहो. भोजराजनं एक शिंगरू आणलं आहे, कुट्ट काळं. ते मोठं होऊन वराती करन. मी त्याले पोटात हवा भरणं शिकवून राह्यली आहो, बाकी ते आपलं आपण शिकन. मले अजून लगनात नेतात. मी झूल घालून वरातीच्या समोर चालते, पाठ रिकामी, अन् शेवटच्या वळणापासून नवरदेव वर बसते, तो बी हलका असला तं. तीन टांगचा ठेका प्रेमलालनं सोडून दिला. कोणी मागितला तं म्हणते, तो नाच नव्हता, माफ करा. अन् टोपीले त्यानं नवा तुरा लावला आहे. मी पाहून ठेवला आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी घोडी नसन. पण कोणीतरी असन, जे जिन्यावर मधीच थांबून म्हणते, मी हवा खाऊन राह्यलो. जे ताटात पोळी ठेवून म्हणते, आज भूक नाही. ज्याच्या थकण्याले तुम्ही गंमत समजून राह्यले. टाळ्या वाजवा, पण त्याले एकदा बाजा बंद असताना बी पाहा. ते तुम्हाले सांगणार नाही. ज्याले कामाची गोडी असते ते सांगतच नाही. त्याले घरी बांधून ठेवू नका, अन् खाटेवर बी चढवू नका.

आज सकाळी मी गोठ्यात उभी होती. अनुसया चहा गाळत होती अन् माह्या टापा ऐकत होती. पायाले काहीच नव्हतं झालं. पण मले राहावलं नाही. मी मुद्दाम एक टाप चुकवली. गाळणी खाली पडल्याचा आवाज आला. ती धावत आली. मी तिचा पदर तोंडात धरून उभी.

तिले समजलं मी चालूपणा करून राह्यली. तरी ती पहिले खाली बसली, डाव्या पायावर हात ठेवून पाहिला, मंग उजव्यावर ठेवून पाहिला. अन् मंगच उठून मले शिवी दिली.